अपेक्षित उत्पन्न

तासगाव तहसील कचेरीच्या भिंतीला लागून
माझं टेबल. एक पाय तोकडा,
त्याखाली जुन्या सातबाऱ्याची घडी.
अर्जाचे साठ रुपये. टाईप करून ऐंशी.
तेवीस वर्षं लोकांचं म्हणणं लिहितोय,
कुणी मला लेखक म्हणालेलं नाही,
म्हणायचं कारणही नाही.

सनोबर म्हणते, लिहिण्याचीसुद्धा डिग्री असते, अब्बा.
पुण्यात. दोन वर्षांची.
फी, होस्टेल, मेस धरून
तीन लाख ऐंशी हजार.

कुणाच्या तरी फेटाळलेल्या वारस नोंदीच्या
मागच्या कोऱ्या बाजूवर मी हिशेब मांडला:
सहा हजार तीनशे तेहेतीस अर्ज, आणि वर थोडे.
रोज पंधरा धरले तर, सुट्ट्या सोडून,
दीड वर्ष. मध्ये एकही चहा नाही.
आणि रोज पंधरा येतात कुठून?
आता पोरं मोबाईलवरच अर्ज भरतात.

तिचा मामा म्हणाला, डी. फार्म. कर,
दुकान टाकू, औषध माणूस उधारीवर का होईना, घेतोच.
चुलतभाऊ इम्तियाज बी. एस्सी. झाला,
शेडवर बेदाण्यातला हिरवा पिवळा निवडतो.
सौद्याला व्यापारी मूठ भरून घेतात,
उजेडाला धरतात, दोन दाणे तोंडात टाकतात,
मग भाव बोलतात.
ह्या डिग्रीचा दाणा मी कुठं चावून बघू?

"शिकून काय होशील?"
"ठाऊक नाही," म्हणाली.
खोटं बोलली असती
तर मला नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

सोमवारी माझ्या डोळ्यात थेंब घातलेले,
म्हणून टेबलावर ती बसली, मी शेजारी, अंधुक.
सावळजच्या वाटेवरच्या वस्तीची गजराबाई एडके आली.
विषय: एसटी थांबत नसलेबाबत.
मी सांगायला लागलो,
उपरोक्त विषयास अनुसरून सविनय अर्ज सादर करते की,
आणि शेजारून पेनाचा आवाजच येईना.
मग आला, थोडाच वेळ.
तिनं वाचून दाखवलं:

*सकाळची गाडी आमच्या वस्तीवर थांबत नाही.
आम्ही रोज हात करतो.
ड्रायव्हरसाहेबही हात करतात आणि पुढे जातात.*

मी म्हणालो, हा अर्ज नाही.
आगारप्रमुखांना थट्टा वाटेल.
गजराबाईनं परत वाचायला लावलं.
"आसंच हाय," म्हणाली. "आगदी आसंच हाय."
अंगठा उठवला,
आणि साठाच्या जागी पन्नासच दिले.
एवढुसंच तर लिवलंय, म्हणून.

रात्री सनोबरला म्हटलं, बघितलंस?
चांगलं लिहिलं की दहा रुपये कमी.
ती हसली. मी हसायला नको होतं,
हिशेबात ते कुठं धरायचं कळत नाही.

बँकेच्या फॉर्मवर एक रकाना आहे:
अभ्यासक्रमानंतर अपेक्षित मासिक उत्पन्न.
लोकांच्या पोरांचा मी शेकडो वेळा भरलाय.
इंजिनिअर, चाळीस हजार. नर्स, बावीस.
पोरगं समोर शेंगा खात उभं असायचं
आणि मी त्याचं पुढचं आयुष्य
एका ओळीत बसवून शिक्का कुठं मारायचा ते सांगायचो.
कुंभोजकर मॅडम म्हणाल्या,
"आत्तारचाचा, रिकामं चालत नाही."

गुरुवारी गजराबाई बाजाराला आली होती.
मंगळवारी गाडी थांबली म्हणे.
बुधवारी नाही.
मंगळवारी ड्रायव्हर बदलीवरचा होता,
तेही तिनंच सांगितलं.
तरी राहिलेली दहाची नोट टेबलावर ठेवून गेली.

नोटेवर मी पेपरवेट ठेवलाय.
फॉर्म ड्रॉवरमध्ये आहे.
रकान्यात एकदा आकडा लिहिला होता, खोडला.
आता पेन्सिलीला टोक काढतोय,
जरा जास्तच वेळ.