बी-बियाणं

टाकी शेजारच्या सीटवर ठेवली तशी गाडी ओरडायला लागली.
बारा किलो वजन. तिला वाटलं, कुणी बसलंय.
पट्टा लावला तेव्हा गप्प झाली.

क्लार्क्सव्हिलच्या लॅबमधली व्हर्ना खिडकीत वाकून म्हणाली,
"दहा दिवस थंडी धरेल. आडवी करू नको.
उन्हात गाडी उभी करू नको."
मग जरा घुटमळून,
"गाणी लाव हवी तर. त्यांना फरक पडत नाही."

आत उणे एकशे शहाण्णव अंश.
तीन बारीक नळ्या, प्रत्येकीत एक ठिपका.
टेरेल समुद्रापलीकडे, कुठे ते विचारायचं नाही.
बदलीचा हुकूम माझ्या नावाचा:
मोहावीतला तळ, एकोणीसशे मैल,
सोमवारी पहाटे सहाला हजर.

अर्जात एक प्रश्न होता.
वंध्यत्व कर्तव्यावर झालेल्या जखमेमुळे आले आहे काय?
होय. नाही.
मी पेन धरून बसून राहिले.
अकरा वर्षं हेलिकॉप्टरच्या पोटाखाली उताणी,
नखांत ग्रीस, केसांत इंधनाचा वास,
पण जखम म्हणावी अशी एकच, अंगठ्यावर, तीन टाक्यांची.
तो परतला की मी निघायची.
मी परतले की त्याची पिशवी दाराशी.
लग्नाला सात वर्षं,
त्यातले एका छपराखाली एकवीस महिने.
मोजलेत मी.
बाकीच्या महिन्यांत अंडं आपलं वेळेवर सुटायचं
आणि आम्ही दोन खंडांवर.
रक्त म्हणाल तर
तेही वेळेवर यायचं.

"नाही"वर खूण केली.
खोटी नोंद करायची नाही, हे पहिल्या आठवड्यातच शिकवतात.
नोंद खोटी असली की यंत्र पडतं.

टेरेलची पिकअप विकली. मग एक कर्ज,
मग ते फेडायला दुसरं.

राजधानीत त्या वर्षी एक कलम होतं.
आमच्यासारख्यांचा खर्चही विम्यात धरावा, एवढंच.
कलम मसुद्यात आलं, गेलं, परत आलं,
शेवटच्या रात्री कुणीतरी खोडलं.
हँगरमध्ये कॅप्टन लँगस्टननी बातमी सांगितली,
माणूस वाईट नाही, नजर खाली होती,
"पुढच्या वर्षी बघू."
मी रोटरचे बोल्ट आवळत होते. वय अडतीस.
पुढचं वर्ष म्हणजे सुटा भाग नाही, सर,
मागणीपत्र भरलं की खोक्यातून यायला.
हे मी म्हटलं नाही.
बोल्ट मात्र एक चतुर्थांश जास्त फिरला,
तो सैल करून परत आवळावा लागला.

अमरिलोत टाकी उचलून जिन्यावरून खोलीत नेली.
मोटेलवाल्या बाईनं विचारलं, "ऑक्सिजन का, बाळ?"
"हो," म्हटलं.
रात्री दोनदा उठून झाकण तपासलं.
वाफ नव्हती. नसावीच.

नीडल्सपाशी कॅलिफोर्नियाची हद्द.
नाक्यावरचा पोरगा विशीतला, नाकाची साल निघालेली,
दर गाडीला तेच पाठ म्हणत होता,
"फळं, भाजी, रोपं, कलमं, बी-बियाणं?"

मला हसू फुटलं. पुढे ते हसू राहिलं नाही.
"कलम नाही," म्हटलं. "ते खोडलं."
त्याला काय कळणार.
"मग बी?"
मी टाकीवर हात ठेवला.
तो वाकला, चिठ्ठी वाचली, ओठ हलवत:
आडनाव, तारीख, संख्या तीन.
मागे ट्रकवाला भोंगा वाजवत होता.
"कीड लागलेली नाही ना?"
"अजून तरी नाही."
"जा मग."

बारस्टोला रस्ताच संपतो.
पेट्रोल पंपाच्या सावलीत गाडी लावली, एसी चालू ठेवून.
फोनला तेव्हा कुठे रेंज आली.
टेरेलचा निरोप, पाच तास जुना,
एकच शब्द:
"पोचलात?"

मला तो कधी अहो-जाहो करत नाही.