चौदाचा पाना

भिंतीवर दोन फळ्या.
डावीकडे इंच, उजवीकडे मिलिमीटर,
मध्ये गेल्या सालचं कॅलेंडर.
पोरांनी पाना चुकीच्या खिळ्याला टांगला
की मी ओरडतो. एरवी ओरडत नाही.

रविवारी उजाडायच्या आत
बायपासवरून सिमरोलकडे दोन टोळ्या निघतात.
आधी बारगळ, काळं चामडी जाकीट, मे महिन्यातही,
खाली अमेरिकन गाडी,
बंद असली तरी बोळ अडवणारी.
मागून सोहनी, दातांचे डॉक्टर,
चार सिलिंडरची जपानी,
आवाज इतका सारखा की झोप यावी.

"मिक्सर!" बारगळ ओरडतो,
"मिक्सरला चाकं लावलीत!"
सोहनी काच वर करून म्हणतात,
"भिया, तुझी गाडी छान आहे सरळ रस्त्यावर.
पण रस्ते वळतात हो."
"तू लवकर पोचतोस. पोचून सांगतोस काय?"
अकरा वर्षं हेच.
बारगळच्या मुलीने होंडाची स्कूटर घेतली
ती मागच्या गल्लीत उभी असते, कव्हर घालून.

माझे वडील मिलमध्ये फिटर.
त्यांचे पाने विलायती, तिसऱ्याच मापाचे,
ह्यालाही बसत नाहीत, त्यालाही नाहीत.
सव्वीस वर्षं एकच मिल. शेजारच्या मिलचा भोंगा झाला
तर घड्याळ त्यावर लावायचे नाहीत.
मग एक दिवस गेटला कुलूप.
ग्रॅच्युइटीची फाइल त्यांच्यापेक्षा जास्त जगली.
म्हणून कोणी निष्ठा वगैरे शब्द काढला
की मी कॉम्प्रेसर चालू करतो.

नोव्हेंबरात, एका सोमवारी, बारगळ आला.
"क्लच बघ जरा. भेरूघाटात केबल ढिली पडली.
मीच कसली."
कशाने, ते मी विचारलं नाही.
पान्यांची पिशवी बाळगणं
त्याला गाडीचा अपमान वाटतो.

रबर सरकवलं. अर्ध्या इंचाचा नट,
कोपरे जरासे गोल झालेले,
आणि एका कडेला अडकलेली पत्र्याची कपची.
कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा, घडीवर घडी घातलेला,
टोकं आत वळवलेली, बोटाला लागू नयेत म्हणून.

जपानी गाडीच्या पिशवीत तेराचा पाना नसतो.
बारा असतो, मग एकदम चौदा.
ह्या नटावर बारा चढत नाही
आणि चौदा नुसता गरगर फिरतो.
मधला एक पूर्णांक तीन मिलिमीटर
कोणीतरी भरला होता,
दाढ भरावी तसा,
घाटाच्या वळणावर, ट्रक जाताना, गुडघ्यावर बसून.

बारगळ बाहेर फोनवर बोलत होता.
मी रबर परत खाली ओढलं.

गुरुवारी सोहनी. चेनला तेल.
"त्या दिवशी पोचायला उशीर झाला बरं का.
हातमोजा विसरलो टपरीवर, परत फिरावं लागलं."
मी काही विचारलं नव्हतं.
दोन्ही मोजे जुनेच, सारखेच झिजलेले.
"आणि हो, चौदाचा एक पाना असेल तर द्या.
माझ्याचा जबडा फाकलाय थोडा."
दिला. पैसे घेतले, चाळीस रुपये कमी.

नवा नट बाहेरून यायला सहा आठवडे.
तोवर तोच आहे, गोल कोपऱ्यांचा, धरून बसलाय.
कपची मी वडिलांच्या पान्यांच्या पेटीत टाकली.
तिथे कुठलंच माप चुकीचं नसतं.

पुढच्या रविवारी मी दूध आणायला निघालो,
बायपासच्या कडेला लुना बंद पडली.
पेडल मारतोय, मारतोय.
आधी तो आला, मग ते.
"मिक्सर!"
"रस्ते वळतात हो!"
हात दोघांनीही हलवला.
थांबलं कोणीच नाही.