थोंग

शांघाय स्ट्रीटवर माझं दुकान, दीड खिडकीचं.
तांबडं आणि सोनेरी सोडून दुसरा रंग मी ठेवत नाही.

परवा एक मुलगी आली, टोरांटोहून, नाव मोक युक-सिम.
हातात औषधांची पावती, पाठीमागे यादी.
अक्षरं इंग्रजी, शब्द आमचे.
"आई फोनवर सांगत होती,
मी कानावर पडेल तसं लिहीत गेले."
आई मार्चमध्ये गेली. लग्न नोव्हेंबरात.

मी चष्मा लावला.

फू. म्हणजे पँट.
नवऱ्याकडून भेटी आल्या की उलट पाठवायची, नवीकोरी,
कारण फू म्हणजे श्रीमंतीसुद्धा.
उच्चारात तसूभर फरक नाही, विचार कुणालाही.

हाय. म्हणजे जोडे.
हाय म्हणजे मेळ.
आणि सूर जरा वर गेला की हाय म्हणजे सुस्कारा.
जोडे बांधताना मी श्वास रोखून धरते,
एकतीस वर्षांची सवय.

चि-स्युन-थुंग. लेकरानातवंडांची बादली.
हिच्यात तांबडी अंडी घालायची, चॉपस्टिक्स घालायच्या.
"आम्हांला मुलं नकोत," ती हळूच म्हणाली.
मग छत्र्या ठेव, म्हटलं. बादली ती बादली.

ती हसली. मग गप्प झाली,
कारण खाली एकच शब्द उरला होता:
थोंग.

सूर उतरता धरला तर साखर.
उंच धरला तर सूप.
मधे कुठेतरी धरला तर इस्त्री.
तिच्या अक्षरांना सूर नव्हता.
"आई कशी म्हणाली? वर की खाली?"

"लाइन खराब होती," ती म्हणाली. "आणि तिला धाप लागत होती."

रुखवतात साखरच असते,
मी तांबूस वड्या कागदात बांधायला घेतल्या.
"पण फोन ठेवताना ती रोज विचारायची,"
ती माझ्याशी बोलत नव्हती,
"प्यालीस का?"

दोरा माझ्या बोटांत तसाच राहिला.

साखरेचे पैसे मी घेतले. धंदा आहे.
मग शटर अर्धं ओढलं
आणि मागून वाटी आणली,
माझ्याच दुपारच्या जेवणातली, कमळकंदाची, वाफ येणारी.

उभ्यानंच प्याली ती.
एक थेंब यादीवर सांडला,
थोंगवर नाही,
चार ओळी वर,
जोड्यांवर.