सतरा आणि अठराच्या मधली

टपालाचा मार्ग सोपवताना आर्लिस कुचेरानं
एक वही दिली, कडा तेलकट, रबरानं बांधलेली.
नेब्रास्कातला नव्वद मैल खडीचा रस्ता, एकशे बारा पेट्या.
पेटी चार : कुत्रं भुंकतं, पण भित्रं आहे.
पेटी नऊ : लुडविक. पत्र हातातच द्यावं, मोठ्यानं बोलावं.
सतरा आणि अठराच्या मधे, विजेचा तिसरा खांब :
ती.

एवढंच.
मला वाटलं, कुणी बाई असेल,
खांबाशी उभी राहून वाट बघणारी.

होतीच की.
खांद्यांत मान ओढून, खांबाच्या टोकावर,
मक्याच्या धसकटांत काय हलतंय ते बघत.
छाती मळकट पांढरी, पोटावर तपकिरी रेघांचा पट्टा,
घाईत कमरेला बांधलेल्या फडक्यासारखा.
गाडी थांबवली तर तिनं माझ्याकडे
सरकारी माणसाकडे बघावं तसं बघितलं.
मग उडाली, वळली,
आणि ऊन तिच्या शेपटीतून आरपार गेलं :
भाजलेल्या कौलाचा रंग.
त्या राखाडी जानेवारीत मैलोन् मैल
दुसरं लाल काहीच नव्हतं,
पेट्यांवरची पत्र्याची निशाणं सोडली तर.

वहीत पुढे पुढे तारखा.
मार्च. जोडी फार उंच, गोल गोल. नरानं पाय खाली सोडले,
विमान चाकं सोडतं तसे.
एप्रिल. ओढ्याकाठच्या कॉटनवुडवरचं जुनंच घरटं,
यंदा वर सीडरची हिरवी डहाळी.
जून. उंदीर, उंदीर, साप, उंदीर.
दुसऱ्या साली फेब्रुवारीत : घरटं शिंगाळ्या घुबडानं बळकावलं.
दोघं गप्प. दुसरं झाड.
आणि एका नोव्हेंबरात :
नर. रस्त्यावर. उंदरामागे झेपावला, ट्रक दिसला नाही.
मग चार पानं कोरी.

गावात त्या नोव्हेंबरबद्दल विचारलं
तर लोक दुसऱ्याच मरणाबद्दल सांगू लागले.

पाचव्या पानावर : ती. सोबत एक नवा. जरा नखरेल.

लुडविककडे टीव्ही कायम चालू.
सिनेमात डोंगरकड्यावर गरुड किंचाळला
की तो खुर्चीतून ओरडतो, खोटं, साफ खोटं!
गरुडाचा आवाज कसला, कुरकुरत्या बिजागरीचा.
हा तर आपल्या खांबावरचीचा,
उसना घेतलाय, पैसा न देता.
बहिऱ्या माणसाला एवढं एकच नीट ऐकू येतं.

ऑगस्टमध्ये कुंपणाच्या तारेवर एक पोर आलं.
शेपूट लाल नाही, तपकिरी, आडव्या पट्ट्यांची.
डोळे फिक्या पिवळ्या रंगाचे, कशाचंही नवल वाटणारे.
झेपावलं, मूठभर गवत घेऊन उठलं.
पुन्हा झेपावलं. पुन्हा गवत.
तीन कावळ्यांनी त्याला ओढ्यापर्यंत हुसकलं.
त्या आठवड्यात मीही तेविसाव्या पेटीतली पेन्शन
बत्तिसाव्या पेटीत टाकली होती.
लुडविक म्हणाला, दुसऱ्या वर्षी येतो रंग.
आधी शेपटीला. डोळ्यांना आणखी वेळ लागतो.
मी विचारलं नाही, कुणाबद्दल बोलतोस.

आर्लिस आता वृद्धाश्रमात, खिडकी गाड्यांच्या तळाकडे.
वही घेऊन गेलो. ती आधी पेटी नऊबद्दल बोलली,
मग पुलावरच्या बर्फाबद्दल, मग माझ्या टायरांबद्दल.
मीच न राहवून विचारलं, इतकी वर्षं बघितलीस,
तिला नाव का नाही ठेवलंस?
नाव ठेवलं, ती म्हणाली,
की पत्राची वाट बघत बसावं लागतं.

मग ओंजळ पुढे करून मला वजन दाखवलं.
एवढीशी असते बरं ती. दीड किलो, फार तर.
बाकी सगळी पिसं.
तिचे हात बराच वेळ तसेच राहिले, हवेत,
आणि मी खिडकीतून बघू लागलो
त्या तळाच्या कडेला दिव्याचा एक खांब होता,
रिकामा, पण खाली
पांढरे शिंतोडे दिसत होते, ताजे.