पाच फुटांचा दिवस

रोज पाच फूट.
त्याहून जास्त काँक्रीट ओतायचं नाही, असा हुकूम होता.
कालचा थर आणि आजचा थर जिथे भेटतात
तिथे सांध उरते, ती काही केल्या लपत नाही,
म्हणून वर संगमरवराची पट्टी.

ढाक्यात, संसदेच्या कुंपणाबाहेर,
झालमुरीचा पुडा हातात धरून
आक्कास मियाँ नातीला पट्ट्या मोजायला लावतो.
"खालून सातवी. तिथे तुझ्या आजीनं
घमेलं माझ्याकडे दिलं, आणि नाव विचारलं."
नात म्हणते, पट्ट्या तर सगळ्या सारख्याच आहेत.

पाया खणायला आला तेव्हा देश दुसरा होता.
मग एका मार्चमध्ये काम थांबलं.
बांबूच्या परांच्या तशाच राहिल्या,
भिंतींतल्या थोरल्या वर्तुळांमधून
नऊ महिने नुसतं आभाळ ये-जा करत होतं.
परतले तेव्हा मुकादमाच्या हजेरीत
कितीतरी नावांपुढे कुणी 'हजर' म्हणेना.
उरलेल्यांनी तोच थर पुढे ओतला.
ती सांध कुठली, हे तो दाखवत नाही.

आत आता कोण काय बोलतं
ते तळ्याच्या अलीकडे ऐकू येत नाही.
सभागृहात तो शेवटचा गेला, तेव्हा छत नव्हतं:
सभापतीच्या जागेवर पाऊस पडत होता,
आणि जामालपूरचा तोराब तिथे उभा राहून
मजुरीत आठ आणे वाढीचा ठराव मांडत होता.
सगळ्यांनी हात वर केले.
मुकादमानंसुद्धा.

"मग? वाढली मजुरी?"

आक्कास मियाँ पुड्यातले शेवटचे दाणे
तिच्या तळहातावर झटकतो.
"मोज," म्हणतो, "पुन्हा खालून."