पंचवीसने कमी

पहिला टम्बलर फिका निघाला.
बटण तीनशे साठवर, पाच मिनिटं,
आणि अक्षरं अशी, की कुणी हाक मारायला तोंड उघडलं
आणि राहू दे म्हटलं.

दुसऱ्याला तीनशे पंच्याऐंशी.
काळ्याचं तपकिरी झालं.
तिसऱ्याला आच तीच, मिनिट कमी:
काठाशी करपलेला, तळाशी कच्चा,
एकाच भांड्यात दोन्ही चुका.

गॅरेजमध्ये फेब्रुवारी होता.
केंटकीतल्या आमच्या दरीत ऊन दहाला उतरतं, तीनला जातं,
पोलाद हातात धरवत नाही.

ओडेल मलिन्स येऊन गेला त्याला आठ दिवस झाले.
बुटांचा चिखल आत नको म्हणून दारातच उभा.
प्लास्टिकच्या पिशवीत चिठ्ठी, इमोजीनच्या हातची,
मक्याच्या ब्रेडची कृती, कोपऱ्यावर तेलकट डाग.
"कपावर येईल का हे? जसंच्या तसं. डागासकट."
म्हटलं, येईल.
डागाचे वेगळे पैसे घेत नाही, असंही म्हटलं.
तो हसला नाही.
पैसे आधीच ठेवून गेला, त्याचंच ओझं.

चौथ्याला कागद हलला.
प्रत्येक अक्षराला सावली फुटली,
जणू इमोजीन दोनदा लिहीत होती,
दुसऱ्यांदा स्वतःच्या मागून धावत.
आमच्या कामात याला भूत म्हणतात.
हा शब्द ओडेलसमोर काढायचा नाही, असं ठरवलं.

नणंद रीवा फोनवर म्हणाली, आच वाढव, वेळ कमी कर.
तिची मुलगी मागून ओरडली, उलट, उलट.

पाचव्यात दमट कागदाची वाफ अडकली.
पांढरा ठिपका, नेमका "मीठ" या शब्दावर.
एक टम्बलर चार डॉलरला पडतो.
हिशेब मोठ्यानं केला नाही.

तो पाचवा पुसता पुसता मी पहिल्यांदा वाचलं.
आठ दिवस अक्षरं नुसती बघत होते,
कडा, काळेपणा;
छापाच्या कागदावर तर ती उलटीच, आरशातली.
दोन कप मक्याचं पीठ. ताक.
अंडं एक, लहान असली तर दोन.
लोणी कढई तापल्यावर, आधी नाही.
आणि खाली, जागा संपत आल्यावर, तिरकं:
ओव्हन खोटं बोलतो. पंचवीसने कमी लाव.

गाडी काढली. हार्डवेअरच्या दुकानातून
सात डॉलरचा थर्मामीटर आणला,
जाळीला लटकवला, काचेला नाक लावून बसले.
बटण म्हणत होतं तीनशे पंच्याऐंशी.
काटा चारशे दहावर.
दार उघडलं की धाडकन तीनशे तीस,
मग पुन्हा वर, माझ्या पाठीमागे, मला न सांगता.

तर मग असं:
बटण तीनशे साठ. वीस मिनिटं रिकामा तापू दिला.
टम्बलर रात्रभर घरात ठेवला, हाडातला गारठा जावा म्हणून.
कागदही चुलीपाशी सुकवला.
घट्ट गुंडाळी, वरून आकसणारी पिशवी,
दार झटकन उघडायचं, झटकन लावायचं,
सहा मिनिटं, मधे एकदा अर्धा फेर.
हातमोजे घालून कागद सोलला.
काळं ते काळं.
डाग डागाच्या जागी.

ओडेल शनिवारी आला.
चष्मा खिशात सापडेना, हात लांब करून वाचलं.
शेवटच्या ओळीवर अंगठा थांबला.
"ओव्हन चांगला होता आमचा," म्हणाला.
"बहिणीशी फोनवर बोलत बसायची ती.
करपलं की ओव्हनचं नाव."

मी थर्मामीटरचं काही सांगितलं नाही.
त्यानं टम्बलर कोटाच्या आत, छातीशी धरला
आणि खाली ट्रककडे गेला, हळू, बर्फ होता.

बिघडलेले पाच फळीवर आहेत.
पाचव्यातून मी कॉफी पिते.
ताक, अंडं, लोणी,
आणि मीठ असायला हवं तिथे पांढरा ठिपका.