चौदा खाटा

विमानतळापासून सात मिनिटांवर माझं घर.
उतरणाऱ्या विमानांची पोटं
स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतात.
तीन खोल्या, एकावर एक चौदा खाटा,
महिन्याला अडीचशे डॉलर, चादरी धुण्यासकट.
स्टॅन गेल्यावर घराचा हप्ता ह्याच खाटांनी फेडला.

कंपनीकडे वैमानिक किती उरलेत
हे मला तळघरातल्या दोरीवर कळतं.
मार्चमध्ये अकरा चादरी वाळत होत्या,
जूनमध्ये आठ.
आता पाच, आणि त्यातली एक माझी.

कॅप्टन गेले मोठ्या कंपन्यांत, मोठ्या विमानांवर.
जाताना किल्ली फ्रीजवर ठेवतात.
एकाने अर्धी बाटली मॅपल सिरप ठेवली होती,
एकाने चपला.
मागे राहिले उजव्या सीटवरचे,
आणि डाव्या सीटवर कुणी नसेल
तर उजवी सीट जागची हलत नाही,
एवढं मलाही आता कळतं.
कुंपणापलीकडे तीन विमानं उभी आहेत
इंजिनांच्या तोंडांना लाल झाकणं लावून.
नवीकोरी आहेत, न्यायला माणूस नाही.

टॉर्गर्सन खिडकीशी, खालच्या खाटेवर.
घर वर एस्कनाबाला, तळ्याकाठी.
कामावर यायला त्याला आधी दुसऱ्याच्या विमानात
एखादी रिकामी जागा मिळावी लागते.
नाही मिळाली तर रात्रभर गाडी, बर्फातून.
मग राखीव म्हणून इथे पडून राहायचं
बूट घालून, फोन छातीवर ठेवून.
ज्येष्ठतेच्या यादीत सहाशे अकरावा.
हा आकडा तो स्वतःच्या वयासारखा सांगतो.

त्यात ही ग्रीन बेची बातमी.
तिथे नवा बेस उघडणार म्हणे.
मेकॅनिकने ऐकलं, हवाईसुंदरीने दुजोरा दिला,
कुणीतरी शपथेवर सांगितलं
की तिथल्या दुसऱ्या मजल्यावर
दोन कॉफी मशीनं चढवताना पाहिली.
कॉफी मशीन आलं म्हणजे बेस आलाच!
मी म्हटलं, गाजराची पुंगी आहे रे,
वाजली तर वाजली.
तो हसला, आणि नकाशावर बोट ठेवून म्हणाला,
घरापासून दोन तास, वांडा. फक्त दोन तास.
रात्री जेवायला घरी.

त्याची मुलगी सिग्रिड रोज फोनवर विचारते,
ग्रीन बे उघडलं का?
जणू कोपऱ्यावरचं दुकान आहे
आणि मालक किल्ली शोधतोय.

आता लपवून काय करू.
रविवारी चर्चमध्ये मी मेणबत्ती लावली,
ती त्याच्यासाठी नव्हती.
पाच चादरींच्या चार झाल्या असत्या,
आणि बॉयलर तर ह्याच हिवाळ्यात बदलायचा आहे.

गुरुवारी रात्री नऊला पत्रक आलं.
चौघेही एकाच फोनवर वाकलेले.
ग्रीन बेला बारा कॅप्टन हवे होते, अर्ज आले पाच.
तेव्हा बेस पुढील सूचनेपर्यंत तहकूब.
खाली आणखी एक ओळ होती:
कॅप्टन व्हायला तयार असाल तर लगेच व्हा,
पण डेट्रॉइटमध्ये.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
फ्रीज तेवढा घुरघुरत होता.
मग टॉर्गर्सनने विचारलं,
ही खाट वर्षभर राहील ना माझ्या नावावर?
राहील, म्हटलं.
भाडं तेच?
तेच, म्हटलं, आणि माझ्याच घशात काही अडकलं.
मी सांडशी शोधायला वळले.
सांडशी माझ्या हातातच होती.

काल पाकिटातून चौथी सोनेरी पट्टी आली.
शर्टाचं खांदेपट्टं उसवून, शिवून मीच दिलं,
पैसे घेतले नाहीत.
तो मागच्या पायरीवर उभा राहून फोनवर बोलत होता.
नाही गं, अजून नाही उघडलं.
हो, दोन मशीनं आहेत.
हो, आत दिवा आहे बहुतेक.